खिडकी कोण उघडतं?

रात्री पावणेबाराला मैत्रिणीचा मेसेज आला, "जिन्यावरची ती बाई खरंच मेलेली आहे का, एवढंच सांग, मग मी झोपते." मी म्हटलं सांगणार नाही. मग फोनच आला. "अगं प्लीज, मला लाईट बंद करता येत नाहीये." तरी मी सांगितलं नाही, कारण ती कादंबरी मी तिला दिली होती ती याच रात्रीसाठी दिली होती, तीनशे पानांतली पहिली दोनशे त्या जिन्यासाठीच लिहिलेली आहेत आणि मी तोंड उघडलं असतं तर सगळंच गेलं असतं. सकाळी सहाला पुन्हा मेसेज, "संपवली. आणि मला तो पण आवडला आणि ती पण, आता काय करू?" काय करणार, दुसरी घे!

या एका क्षणासाठी मी गेली कितीतरी वर्षं पॅरानॉर्मल, म्हणजे भुतं-व्हॅम्पायर असलेल्या, आणि रोमान्स कादंबऱ्या शोधते, वाचते आणि लोकांच्या हातात देते. स्वतः वाचताना मजा येतेच, पण आपण दिलेलं पुस्तक कुणाला तरी झोपू देत नाहीये हे कळलं की जे वाटतं ना, ते वेगळंच. आज त्याबद्दलच लिहायचंय, शोधते कशी, देते कशी आणि एकदा देताना चुकले ते पण.

पण आधी एक खिडकी दाखवते, कारण माझ्या डोक्यात हे सगळं तिथून सुरू होतं.

एमिली ब्राँटेची 'वुदरिंग हाइट्स', डिसेंबर १८४७ मध्ये आली, तेव्हा लेखकाचं नाव म्हणून एलिस बेल असं टोपणनाव छापलं होतं. तिच्या तिसऱ्या प्रकरणात लॉकवुड नावाचा माणूस बर्फामुळे त्याच नावाच्या घरात अडकतो आणि त्याला एका जुन्या, कपाटासारख्या बंद पलंगात झोपायला मिळतं, आत खिडकी आहे आणि खिडकीच्या कठड्यावर एका मुलीचं नाव पुन्हा पुन्हा कोरलेलं. झोपेत त्याला वाटतं झाडाची फांदी काचेवर आपटतेय. तो काच फोडून हात बाहेर काढतो आणि फांदीऐवजी त्याच्या हातात येतो एक छोटा, बर्फासारखा गार हात. बाहेरून आवाज, मला आत घे. आणि हा घाबरून काय करतो तर तो हात फुटक्या काचेवर घासतो, रक्त येईपर्यंत, आणि सुटका झाल्यावर त्या भोकापुढे घाईघाईने पुस्तकांचा ढीग रचतो. पुस्तकांचा! मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा इथे थांबले होते, पुस्तक उलटं ठेवलं आणि खोलीत एक चक्कर मारून आले.

खरी गंमत त्याच्या पुढच्या दोन पानांत आहे. लॉकवुडच्या ओरडण्याने घराचा मालक हीथक्लिफ धावत येतो, काय झालं ते ऐकतो, त्याला खोलीबाहेर काढतो. आणि मग कोणी बघत नाहीये असं समजून तीच खिडकी जोर लावून उघडतो आणि ढसाढसा रडत तिला हाका मारतो, ये, आत ये. ती येत नाही, नुसता वारा आणि बर्फ आत येतो आणि मेणबत्ती विझते.

एकच खिडकी, एकच भूत. एकजण ती बंद करायला बघतो आणि दुसरा उघडायला. भीतीकथा म्हणजे पहिला माणूस आणि प्रेमकथा म्हणजे दुसरा, आणि मला ज्या कादंबऱ्या आवडतात त्या दोघांना एकाच खोलीत आणतात. रोमान्सच्या नियमात ती कादंबरी बसत नाही बरं का, शेवट गोड नाही म्हणून. पण पॅरानॉर्मल रोमान्समध्ये पुढे जे काही झालं त्याचं बी मला त्या खिडकीतच दिसतं.

नवीन पुस्तक हातात आलं की माझी एक टेस्ट असते. त्यातलं भूत किंवा व्हॅम्पायर किंवा जे काही असेल ते काढून टाकलं, त्याच्या जागी नुसता श्रीमंत, गंभीर, कमी बोलणारा माणूस ठेवला, तर कथा तशीच चालते का? चालत असेल तर मला ते पुस्तक नको. मग ते भूत म्हणजे फक्त कव्हरवरचं धुकं झालं. त्याच्या त्या असण्यामुळे प्रेमात काहीतरी अडलं पाहिजे. तो दिवसा बाहेर येऊ शकत नाही म्हणून तिला तिचा दिवस अर्धा करावा लागतो, किंवा ती त्याला ऐकू शकते पण हात लावू शकत नाही, म्हणून सगळं प्रेम बोलण्यातच उभं करावं लागतं. हात न लावता लिहिलेले असे सीन मी वाचलेत की बाकीच्या पुस्तकांचे किसिंग सीन त्यापुढे पाणी भरतील.

आणि शेवट. रोमान्स वाचणाऱ्यांना माहीत असतं, या प्रकारात वाचकाला एक वचन दिलेलं असतं की मध्ये कितीही रडवलं तरी शेवटी दोघं एकत्र असतील, एचईए म्हणतात त्याला, हॅपिली एव्हर आफ्टर, नाहीतर निदान एचएफएन, हॅपी फॉर नाऊ, म्हणजे सध्यापुरतं तरी सुख. साध्या रोमान्समध्ये हे जमवणं सोपं, गैरसमज दूर झाला की झालं. पण इथे एकजण मरणारच नाहीये आणि दुसरी साठ वर्षांत मरणार आहे, किंवा एकजण आधीच मेलेला आहे, मग एव्हर आफ्टर म्हणजे नक्की किती? लेखिकेला हे गणित सोडवावंच लागतं. कुणी तिलाही अमर करतात, कुणी त्याचं अमरत्व काढून घेतात, कुणी शाप उठवतात. माझं मत स्पष्ट आहे, दोघांपैकी कुणालाच काही सोडावं लागलं नाही तर मला तो शेवट पटत नाही. शेवटच्या दहा पानांत अचानक एखादं जुनं पुस्तक सापडतं आणि त्यात मंत्र असतो आणि सगळं फुकटात मिळतं, असं झालं की मला फसवल्यासारखं वाटतं.

आता शोधण्याबद्दल. मी पाच स्टारवाले रिव्ह्यू जवळजवळ वाचतच नाही. "ओएमजी बेस्ट बुक एव्हर" यातून मला काय कळणार. मी दोन आणि तीन स्टारवाले वाचते, कारण नाराज वाचक नेमकं सांगतो काय खटकलं ते. "दीडशे पानं काहीच घडत नाही, नुसते एकमेकांकडे बघतात" असं कुणी चिडून लिहिलं असेल तर ते पुस्तक माझं, मला स्लो बर्न, म्हणजे हळूहळू फुलणारं प्रेम, कितीही चालतो. "हिरॉईन फार हट्टी आहे", आण इकडे. पण "दोन पुस्तकांनंतरही नियम कळत नाहीत, कधी भूत भिंतीतून जातं, कधी दार उघडावं लागतं" असं असेल तर मी लांब राहते, त्या जगाचे नियम लेखिकेलाच माहीत नसतील तर माझा जीव टांगणीला लागणार कसा?

दुसरी जागा म्हणजे पुस्तकाच्या शेवटची आभाराची पानं. ही पानं लोक सोडून देतात, सोडू नका. आवडलेल्या लेखिकेने ज्या लेखक मैत्रिणींचे आभार मानलेत, पहिला ड्राफ्ट कुणी वाचला म्हणून लिहिलंय, ती नावं मी लिहून ठेवते आणि एकेकीचं काही मिळतं का बघते. माझ्या आवडत्यांपैकी तिघी मला अशा मिळाल्या, त्यांचं नाव कुठल्याच टॉप टेनमध्ये मी बघितलेलं नाही. कथासंग्रहांचं पण तसंच, दहा-बारा लेखकांच्या भुताच्या गोष्टी एकत्र असतात, त्यातली एक अंगावर काटा आणते, मग त्या एकीच्या कादंबऱ्या शोधायच्या. ई-बुक असेल तर आधी सॅम्पल. मी सॅम्पलमध्ये फक्त एक बघते, पहिल्यांदा विचित्र काही घडतं तेव्हा लेखिका थांबते का. घाईने समजावून सांगायला लागली की मी बंद करते.

हो आणि सिरीज बघून घ्या! मी एकदा कव्हर बघून भाळले, घेतलं, पन्नास पानं झाली तरी सगळे एकमेकांना ओळखतात आणि मला कुणीच कळेना, नंतर बघते तर तिसरा भाग. पॅरानॉर्मल रोमान्समध्ये बऱ्याचदा प्रत्येक भागात नवीन जोडी असते, त्याच टोळीतली किंवा त्याच घराण्यातली, त्यामुळे मधूनच उचललं तरी एक वेळ चालतं. पण अर्बन फँटसीकडे, म्हणजे आजच्या शहरातल्या जादू-साहसाच्या गोष्टींकडे झुकणारी सिरीज असेल तर एकच नायिका सगळ्या भागांत पुढे जाते आणि प्रेमप्रकरण पाच-सहा पुस्तकं रेंगाळतं. तिथे क्रम चुकला की सगळंच चुकलं.

माझी भाची सतरा वर्षांची आहे, तिने मला वेअरवुल्फवाल्या गोष्टी वाचायला लावल्या. मी आधी नाहीच म्हणत होते, मला व्हॅम्पायर चालतात, भुतं तर आवडतातच, पण माणसाचा लांडगा होतो हे काही केल्या डोक्यात बसेना. "मावशी, तू लांडगा सोड, ती त्याला नाही कशी म्हणते ते वाच." आणि बरोबर होती ती. या गोष्टींत फेटेड मेट्स नावाचा ट्रोप (गोष्टींत पुन्हा पुन्हा येणारा साचा) असतो, म्हणजे नशिबानेच ठरवलेली जोडी, वास आला की कळतं हाच तो किंवा हीच ती. मला वाटायचं मग राहिलं काय, सगळं आधीच ठरलंय तर. पण भाचीने दिलेल्या गोष्टीत ती मुलगी म्हणते, तुझ्या नाकाने मला निवडलंय, तू अजून निवडलेलं नाहीस, निवडशील तेव्हा ये. आणि निघून जाते! पुढची शंभर पानं तो तिला नुसता ओळखून घेतोय, तिला चहा आवडतो का कॉफी इथपासून. नाव सांगत नाही, सांगितलं तर हा सीन येणार म्हणून तुम्ही वाटच बघत बसाल.

बदल्यात मी भाचीला 'कार्मिला' दिली. तिला वाटत होतं व्हॅम्पायरची सुरुवात 'ड्रॅक्युला'पासून होते. 'ड्रॅक्युला' १८९७ ची. शेरिडन ले फानूची 'कार्मिला' त्याच्या पंचवीस वर्षं आधी, १८७१-७२ मध्ये मासिकातून क्रमशः आली होती, त्यात व्हॅम्पायर एक तरुण मुलगी आहे आणि गोष्ट सांगते ती लॉरा नावाची दुसरी मुलगी. लॉराला तिची ओढ पण वाटते आणि किळस पण, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही ती प्रामाणिकपणे सांगते. छोटीशी आहे, एका बैठकीत होते, आणि कॉपीराईट संपलेला असल्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे. या प्रकारात नवीन असाल तर तिथून सुरू करा. भाचीने वाचून झाल्यावर विचारलं, "मावशी, पण कार्मिलाला काय वाटत होतं ते कुणीच का नाही सांगत?"

या प्रश्नावर मी दोन दिवस विचार करत होते. कारण 'ड्रॅक्युला'त पण तसंच आहे. अख्खी कादंबरी डायऱ्या, पत्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं यांची बनलेली आहे, सगळ्यांच्या डायऱ्या आहेत, स्वतः काउंट ड्रॅक्युलाची नाही. ज्याच्याबद्दल चाललंय तोच गप्प. मग १९७६ मध्ये अ‍ॅन राइसच्या 'इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर'मध्ये व्हॅम्पायर टेपरेकॉर्डरसमोर बसतो आणि स्वतः बोलतो. २००५ ला 'ट्वायलाइट' आली ती व्हॅम्पायरच्या प्रेमात पडणाऱ्या मुलीच्या बाजूने, आणि तीच गोष्ट त्या व्हॅम्पायरच्या बाजूने वाचायला लोकांनी २०२० पर्यंत वाट बघितली, 'मिडनाइट सन'ची. म्हणजे खिडकीच्या बाहेर जो उभा आहे त्याला बोलू द्यायला आपल्याला एवढी वर्षं लागली. आता हातात येणाऱ्या कितीतरी रोमान्समध्ये एक प्रकरण तिचं, एक त्याचं असं असतं, आणि आपल्याला त्यात काही विशेष वाटतही नाही.

आणि हे सगळं एकमेकांना गोष्टी वाचून दाखवण्यातून आलंय, हे मला फार आवडतं. १८१६ चा उन्हाळा, त्याच्या आदल्या वर्षी तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झालेला, त्यामुळे युरोपात उन्हाळा असा आलाच नाही, नुसता पाऊस. जिनिव्हा सरोवराकाठच्या घरात काही तरुण मंडळी अडकून पडली आणि त्यांनी वेळ घालवायला जर्मन भुताच्या गोष्टींचं फ्रेंच भाषांतर मोठ्याने वाचलं. मग ठरलं की प्रत्येकाने एक गोष्ट लिहायची. त्यातून मेरी शेलीची 'फ्रँकेनस्टाइन' आली, आणि कवी बायरनचा डॉक्टर जॉन पॉलिडोरी याची 'द व्हॅम्पायर' आली, जी १८१९ मध्ये छापली गेली ती चक्क बायरनच्या नावावर. कुणीतरी एक भाषांतरित पुस्तक खोलीत आणलं होतं, एवढीच सुरुवात.

म्हणून मी पुस्तक देताना फार विचार करते. समोरच्याला "काय आवडतं" असं विचारून उपयोग नसतो, सगळे म्हणतात काहीही चालेल. मी विचारते, शेवटचं कुठलं पुस्तक अर्धवट सोडलंस आणि का? त्यातून सगळं बाहेर येतं. कुणाला रक्त चालतं पण लहान मुलांना काही झालेलं चालत नाही, कुणाला घर झपाटलेलं चालतं पण आरसा नको. कुणाला बेडरूम सीन दाराबाहेर थांबणारे हवे असतात, कुणाला नाही, आणि यात लाजण्यासारखं काही नाही, सरळ विचारावं. आणि पुस्तकाबद्दल बोलताना मी फक्त पहिल्या पन्नास पानांतलं सांगते. ब्लर्बवर, म्हणजे कव्हरवरच्या त्या ओळखीवर, तर माझा विश्वासच नाही, निम्मे ब्लर्ब मधला धक्का फोडून ठेवतात.

तरी चुकले. सुरुवातीला जिचा मेसेज सांगितला ना, त्याच मैत्रिणीच्या बाबतीत. तिची आई गेली. पाचेक महिन्यांनी ती म्हणाली, काहीतरी दे वाचायला, हलकंफुलकं, डोकं दुसरीकडे जाईल असं. मी माझ्या मते अगदी योग्य पुस्तक दिलं, हसवणारं, गोड, झपाटलेलं घर आहे पण भूत प्रेमळ आजीचं, नात त्या घरात राहायला येते, आजी जिना करकरवून नातीची आणि दुरुस्तीला आलेल्या मुलाची जुळवाजुळव करते. मी दोनदा वाचलेलं होतं. शेवटी दोघांचं जमतं, आजीचं काम होतं आणि आजी जाते. स्वयंपाकघरातला दिवा एकदा लुकलुकतो आणि मग पुन्हा कधीच नाही. मला तो शेवट फार सुंदर वाटला होता. सुटका झाली, शांतता मिळाली, भुताच्या गोष्टीचा गोड शेवट असाच असतो ना.

तिचा फोन आला तो दुपारी, आणि ती बराच वेळ काही बोलेच ना. मग म्हणाली, "तिला का घालवलं गं? राहिली असती तर काय झालं असतं? कुणाला त्रास देत होती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ते पुस्तक लॉकवुडसारखं वाचलं होतं. प्रेमळ असली तरी ती भूत आहे, तिने जायलाच हवं, हे मी धरूनच चालले होते, या प्रकारातली इतकी पुस्तकं तशीच संपतात की दुसरं काही असू शकतं हे मनातच आलं नाही. आणि ही तिकडे खिडकी उघडी ठेवून बसली होती. मी पुस्तक नीट वाचलं होतं, तिच्याकडे नीट बघितलं नव्हतं.

त्यानंतर मी मुद्दाम अशा कादंबऱ्या शोधायला लागले ज्यात भूत जात नाही. सोपं नाही हे! बहुतेक लेखकांना भूत शेवटी मोकळं करायचंच असतं. काहींमध्ये राहतं, पण मग ते राहणं म्हणजे शिक्षा असते, वाड्याला कुलूप आणि आत ती, असं. मला हवं होतं असं की भूत राहतं आणि घरातले लोक पण राहतात, हसतात, भांडतात, प्रेमात पडतात, आणि ते तिथेच असतं. आभाराची पानं, संग्रह, तीन स्टारवाले रिव्ह्यू, सगळं करून झालं. शेवटी एका रिव्ह्यूमध्ये कुणीतरी तक्रार केली होती, "शेवट अर्धवट वाटला, आत्म्याला मुक्ती मिळतच नाही." मी तिथल्या तिथे घेतलं, दोन रात्रींत संपवलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या वेळी फक्त तिच्यासाठी, कुठे काय लागू शकतं ते बघत.

मग तिला दिलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक देताना शेवट सांगून टाकला. म्हटलं, हे बघ, यातली आई शेवटपर्यंत आहे, शेवटच्या पानावर पण आहे, जात नाही. आता वाचायचं तर वाच, नाहीतर ठेव तसंच.

तीन आठवडे काहीच नाही. मी पण विचारलं नाही. काल रात्री मेसेज आला, पुन्हा पावणेबाराच्या सुमारासच.

"पान १४३. आहे अजून."